बैलानंतर तीन वर्षांनी

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा आमच्या जुन्नर-आंबेगावात सुतकच पडलं. शर्यतींचे घाट ओस पडले, गाडामालक पारावर नुसते बसून राहू लागले. निकाल मी पेपरात आला तेवढाच वाचला, पण त्यातली एक गोष्ट डोक्यात राहिली. प्राण्यांना पाच स्वातंत्र्यं असतात आणि त्यातलं एक म्हणजे भीती आणि मनस्तापापासून सुटका, असं त्यात होतं. बारीला जुंपलेल्या बैलाच्या जिवाला काय वाटत असेल, यावर दिल्लीत नामांकित वकील बोलले. घाटाच्या कडेला उभं राहून, गाडा किती सेकंदांत बसला हे ऐकायला कानांत प्राण आणणाऱ्या मालकाच्या जिवाला काय वाटतं, हा मुद्दा कुणी काढला नाही. माणसाला मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देणारा कायदा संसदेत झाला तो २०१७ साली. त्याआधी १९८७ चा एक होता, पण त्याला काळजी होती ती मुख्यतः रुग्णाला ठेवायचं कुठं याची. म्हणजे मन नावाची चीज सरकारदरबारी आधी बैलाच्या नावावर चढली, माणसाचा नंबर तीन वर्षांनी लागला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि बैलांचा प्रश्न सुटला किंवा पुन्हा सुरू झाला, ज्याने त्याने ठरवावं. आमचा आहे तिथेच आहे.

हे दोन तालुके तसे जनावरांच्या मनाचे फार जाणकार. उसात बिबट्या पिंजऱ्यात अडकला की वनखात्याची माणसं आधी गर्दी हटवतात. पिंजऱ्यावर कापड टाकतात, कुणी शिट्टी मारली तर त्याला दम देतात. त्याला ताण येतो म्हणतात. मग माणिकडोहच्या निवारा केंद्रात डॉक्टर त्याला तपासतात. डॉ. विद्या अत्रेया यांनी आमच्याच भागात अभ्यास करून दाखवलं की बिबटे धरून दूरच्या रानात नेऊन सोडले, तर माणसांवरचे हल्ले घटायच्या ऐवजी वाढतात. हक्काची जागा सुटली की जनावर बिथरतं, हे आता आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. त्याच गावात लग्न होऊन आलेल्या सुनेला मात्र ‘महिनाभरात रुळशील गं’ असं सांगून सगळे मोकळे.

गाईचंही तेच. जर्सीने अर्धा लिटर दूध कमी दिलं की घरात चर्चासत्र भरतं. गोठ्यात परका माणूस आला होता का? रात्री कुत्री भुंकली का? वरातीतला डीजे किती वाजेपर्यंत चालू होता? टोमॅटोचं पान करपलं, ते खिशात घालून नारायणगावला औषधाच्या दुकानात गेलो, तर काउंटरमागचा पोरगा बाटलीला हात लावायच्या आधी पान उजेडात धरून उलटंपालटं करतो आणि विचारतो, लागण कधीची? पाणी कसं देता? रात्री दव पडतंय का? शेजारच्या प्लॉटवर काय आहे? मागच्या वर्षी या वावरात काय होतं?

माझी झोप उडाल्याचं मी घरात सांगितलं, तेव्हा यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. आई म्हणाली, “दृष्ट लागलीय.” बायको म्हणाली, “मोबाइल बघत बसता, दुसरं काय.” चुलते तात्या म्हणाले, “आमच्या वेळी बहात्तरचा दुष्काळ होता.” हे ते कुठल्याही तक्रारीवर म्हणतात, दाढदुखीवरही. तिघांनी मिळून माझ्या आजाराचं निदान, कारण आणि इतिहास चहा निवायच्या आत उरकला.

बरं, झोप उडायला एखादं कारण असतं तर धरता आलं असतं. मी पतसंस्थेत नोकरी करतो आणि सकाळ-संध्याकाळ शेती. पतसंस्थेत वसुलीसाठी ज्याच्या दारात जायचं, तोच संध्याकाळी आपल्या विहिरीवरचा भागीदार. मुलाचं लग्न जमत नाही. मुलगा शेती करतो म्हटलं की पाव्हणे पोहे संपवतात आणि ‘कळवतो’ म्हणतात. वडिलांच्या मागं वाटप झालं, त्यात बांधाचं भांडण पदरात आलं. आणि टोमॅटो. २०२३ च्या मेमध्ये इथल्या माणसांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला, आणि जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला. माझा मेमध्ये होता. ज्यांचा जुलैत होता त्यांनी नवी चारचाकी घेतली आणि ती रोज आमच्या दारावरून जाते, हॉर्न वाजवत.

पुण्याला नोकरी करणारी मुलगी सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, “पप्पा, तुम्ही ऑनलाइन थेरपिस्टशी बोला.”

“म्हणजे मोबाइलमुळे झोप गेली, त्याच्यावर इलाज पण मोबाइलवरच?”

“हो. मी पैसे भरलेत.”

भरलेल्या पैशांवर पाणी सोडायची आमच्या घराण्यात रीत नाही. तरी मी विचारलं, की ही बाई खरी कशावरून? पोरगी म्हणाली, “सातबारा बघितल्याशिवाय जमीन घेता का? मग हेही बघा,” आणि तिने बाईंचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काढून दाखवला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला तो लागतो. औषध लिहून द्यायचं तर वैद्यकीय डॉक्टर लागतो, आणि त्यांनाही फोनवरून तपासायचे नियम सरकारने घालून दिलेत, तारीख २५ मार्च २०२०. देश घरात कोंडला गेला तोच दिवस. ‘समुपदेशक’ एवढीच पाटी लावायला मात्र फारसं काही लागत नाही, पाटी लागते. पोरीला हे सगळं माहीत होतं, कारण ती स्वतः वर्षभर कुणाशी तरी बोलत होती. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आमच्याबद्दलच असणार.

ऑनलाइनचा पहिला फायदा मला आपोआप कळला. मंचरला तुमची मोटारसायकल कुठल्या डॉक्टरच्या फाटकाशी उभी होती, ही बातमी तुमच्या आधी घरी पोचते. हाडांच्या डॉक्टरकडे असेल तर “पडला वाटतं.” मनाच्या डॉक्टरकडे असेल तर पोराच्या लग्नाचं उरलंसुरलं स्थळही गेलं. मोबाइल कुठल्या फाटकाशी उभा राहत नाही.

तोटा पहिल्याच दिवशी कळला. बोलायचं कुठं? मॅडम नाशिकच्या. त्यांनी आधी निरोप पाठवला होता: ‘शांत, खासगी जागा निवडा, जिथे पन्नास मिनिटं कुणी येणार नाही.’ मी घरभर फिरलो. आमच्या घरात चार खोल्या, आणि दार फक्त मोरीला. ओट्यावर आई, अंगणात तात्या, पडवीत कांद्याची अरण आणि तिच्यावर बसून अभ्यास करणारा पुतण्या. गच्चीवर रेंज येते म्हणून सगळी आळी गच्चीवर. उसात जावं तर दिवस मावळल्यावर तिथे ऐकणारा कोण असेल सांगता येत नाही, आणि तो मान धरतो.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर खोडद आहे. तिथली दुर्बीण जगात नावाजलेली, जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, मधोमध चौदा आणि बाकीच्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात तीन दिशांना पसरलेल्या. जागा हीच का निवडली, तर इथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा क्षीण संदेश या तबकड्यांनी टिपला. वाचून ऊर भरून आला. मग मी मॅडमना कॉल लावला, आणि नाशिकहून मला “सर, तुमचा आ... ज तु... टतोय” एवढंच टिपता आलं.

शेवटी जागा सापडली ती पिकअपची केबिन. काचा वर, क्रेटचा वास, डॅशबोर्डवर ओझरच्या विघ्नहराचा फोटो. पण उभ्या गाडीत एकटाच बसून बोलणारा माणूस गावात फार वेळ एकटा राहत नाही. एकाने काच ठोकून विचारलं, “बंद पडली का?” दुसऱ्याने ढकलायला माणसं आणली.

तेव्हा वेळ बदलली. मासवडीचा दिवस धरला. मासवडी आमच्या भागाचं लाडकं पक्वान्न, पण ती करताना घरातली एकूण एक बाई गुंतलेली असते. फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकीने बेसन सोडायचं, दुसरीने दोन्ही हातांनी ते हाटायचं, गुठळी राहिली तर इज्जत गेली. मग ओल्या फडक्यावर गोळा थापायचा, तोही गरम असतानाच, बोटं पाण्यात बुडवून बुडवून. वर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, लसूण, कांदा यांचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळी वळायची. पीठ हाटायला घेतल्यापासून वड्या कापेपर्यंत घरातल्या कुणाला मान वर करायला सवड नसते. माझे पहिले धड संवाद या काळात पडवीत पार पडले. मात्र स्वयंपाकघराची खिडकी पडवीत उघडते, हे माझ्या ध्यानात होतं तसं बायकोच्याही होतं. रात्री ताटात वाढताना ती म्हणाली, “माझ्या आवाजाची पट्टी वरची आहे असं नाशकाला कळवलंत म्हणे.”

२०१७ च्या त्या कायद्याचं कलम २३ म्हणतं की रुग्णाने सांगितलेलं गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. खिडकीबद्दल त्यात काही नाही.

पहिल्या भेटीआधी भरायचा तक्ता आला होता. नऊ प्रश्न, जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागायला त्रास झाला का? उत्तरं चार: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. आता विहिरीवर थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मी दारं धरायला जागतो. म्हणजे बरोबर निम्मे दिवस. त्याला पर्याय नव्हता. आणखी एक प्रश्न: भूक कमी किंवा फार जास्त झाली का? यात्रेचा हंगाम चालू होता, आठ दिवसांत पाच गावची निमंत्रणं. ‘निम्म्याहून जास्त दिवस’वर खूण केली. हालचाल एवढी मंदावली का की इतरांच्या लक्षात यावं? यावर बायकोचं मत घेतलं. ती म्हणाली, “लग्न झाल्यापासून.” बेरीज अशी काही आली की मॅडमनी पहिलाच प्रश्न अगदी मऊ आवाजात विचारला.

त्या काय विचारत होत्या, सांगू? लागण कधीची. पाणी कसं देता. म्हणजे शब्द निराळे, पण हेच. हे कधीपासून आहे? दिवसाच्या कुठल्या वेळी जास्त? घरात आणखी कुणाला असा त्रास होता? त्याआधी काय घडलं होतं? आणि विचारून गप्प बसायच्या. मला या गप्प बसण्याची सवय नव्हती. आमच्याकडे समोरचा गप्प बसला की एक तर तो रागावलेला असतो किंवा रेंज गेलेली असते. मी सारखा “हॅलो? हॅलो?” करायचो. त्या म्हणायच्या, “आहे सर, ऐकतेय.” बावन्न वर्षांच्या आयुष्यात मला हे वाक्य कुणी म्हटलेलं आठवत नाही. ‘ऐकलं, ऐकलं’ पुष्कळांनी म्हटलंय.

पूर्वी ऐकून घ्यायची सोय गावात नव्हतीच असं नाही. यात्रेच्या दिवशी ढोल कडाडला की एखाद्या सासुरवाशिणीच्या अंगात यायचं. वर्षभर ब्र न काढणारी बाई केस सोडून घुमायची, सासूला नावानिशी चार शब्द सुनवायची, आणि सासू हळदीकुंकू लावून, पाया पडून ते ऐकायची. मधे कुणी “त्यात काय एवढं” म्हणायची प्राज्ञा नव्हती. फी एक नारळ. पुरुषांची सोय नारायणगावात. तमाशाची पंढरी ती. गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात. फडातला सोंगाड्या गावातल्या भाऊबंदकीची अशी काही उडवायचा की दोन्हीकडचे भाऊ एकाच सतरंजीवर बसून हसायचे. आता बायका शिकल्या, अंगात येणं कमी झालं, ते बरंच झालं. पण सासूला ऐकवायचं राहिलं ते राहिलं.

मॅडमची पद्धत अल्बर्ट एलिसची. न्यूयॉर्कच्या या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमाराला विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ती महाराष्ट्रात रुजवली कि. मो. फडके यांनी, आणि ते ती शिकले मुख्यतः पोस्टाने. फडके वर्षानुवर्षं एलिसना पत्रं लिहीत राहिले, एलिस उत्तरं देत राहिले. त्याही आधी कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस थेट फ्रॉइडशी पत्रांतून वाद घालत होते. म्हणजे दुरून मन उघडं करायची रीत आपल्याकडे चांगली शंभर वर्षांची आहे. रेंजची भानगड तेवढी नवी.

एलिसचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याला त्रास घटनेचा होत नाही, घटनेबद्दलच्या आपल्या हट्टाचा होतो. इच्छा असू द्या, हट्ट सोडा. मॅडमनी मला घरचा अभ्यास दिला. ‘टोमॅटोला भाव मिळालाच पाहिजे’ हे वाक्य खोडून त्या जागी लिहायचं: ‘टोमॅटोला भाव मिळावा अशी माझी तीव्र इच्छा आहे. नाही मिळाला तर वाईट वाटेल, पण मी ते सहन करू शकेन.’ मी वहीत लिहिलं. वही पतसंस्थेत टेबलावर राहिली. शेतकरी संघटनेत आयुष्य काढलेले आमचे एक आप्पा कर्जाचं विचारायला आले होते, त्यांनी ती उचलून वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

“हे कुणाचं? व्यापाऱ्यांचं का सरकारचं?”

“नाशिकच्या मॅडमचं.”

“आरं, हायवेवर झोपून मी घोषणा काय द्यायची मग? ‘आमची तीव्र इच्छा आहे’?”

मला हे उत्तर अजून खोडता आलेलं नाही. मॅडमपुढे मांडलं, तर त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, मोर्चात घोषणा द्या, रात्री अंथरुणात देऊ नका. हे पटलं. मी खरोखरच अंथरुणात घोषणा देत होतो, बायकोने मागाहून दुजोरा दिला.

एलिसची आणखी एक गोष्ट मॅडमनी सांगितली, मुलाच्या लग्नावरून. हा माणूस एकोणीस वर्षांचा असताना बायकांशी बोलायला घाबरायचा. म्हणून त्याने ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन, बाकावर बसलेल्या शंभर अनोळखी बायकांशी मुद्दाम बोलणं काढलं. एक तयार झाली भेटायला, तीही आली नाही. पण त्याची भीती गेली, कारण नकाराने काहीच बिघडत नाही हे कळलं. मी मुलाला ही गोष्ट मोठ्या उमेदीने सांगितली. तो चारा कापत होता. म्हणाला, “पप्पा, त्याला बागेत तरी जावं लागलं. आम्हाला घरबसल्या येतात.” जुन्नर-आंबेगावात तिशीतला शेती करणारा कुठलाही पोरगा घ्या, नकार पचवण्यात तो एलिसला शिकवू शकेल. आणि या पोरांना पोरी नकार देतात असं आपण म्हणतो, पण आपली पोरगी आपण शेतकऱ्याला देणार का, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा “हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये” असं मी म्हणालो. आवाज येत होता.

एकदा आईने फोन घेतला. मी पाण्याचा कॉक बदलायला गेलो होतो, कॉल वेळेवर आला. परत आलो तर आई ओट्यावर पाय पसरून, मोबाइल सुपात उभा करून, मॅडमशी बोलत होती. “जेवलीस का गं बाई? काय केलं व्हतं? नुसती पोळी-भाजी? आन् नवरा? रातपाळी? मंग पोरगं कोन बघतं? सासू? आसू दे, सासू हाय तोवर सुख हाय.” पलीकडून मॅडम आधी “आजी, मी खरं तर सरांशी...” म्हणाल्या, मग हळूहळू उत्तरं देऊ लागल्या. आई मधेच गप्प बसायची आणि म्हणायची, “बोल, बोल, ऐकत्ये मी.” हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोराच्या बाबतीत ते कधी वापरलं नव्हतं, एवढंच. पन्नास मिनिटं झाली, पैसे माझे गेले. मॅडम शेवटी म्हणाल्या, “सर, तुमच्या आई फार छान आहेत.” मी म्हटलं, लोकांना तसंच वाटतं.

ज्यांच्या पोरीने पैसे भरलेले नाहीत त्यांच्यासाठी सरकारी सोय आहे, हे इथेच सांगून टाकतो. टेली-मानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. १४४१६ लावायचा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. चोवीस तास हे आमच्यासाठी महत्त्वाचं. रात्री दोनला बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला गेलेला माणूस स्टार्टरच्या खोक्याजवळ एकटाच बसलेला असतो, बिबट्याला कळावं म्हणून मोबाइलवर भजनं लावून. त्या वेळी डोक्यात येतं ते दिवसा येत नाही. दिवसाच्या वेळापत्रकात बसणारं दुःख असेल तर आम्ही ते पारावर नेतोच. आप्पांना मी तो नंबर दिला. ते म्हणाले, “मला कशाला?” आणि खिशातलं पेन काढून तळहातावर लिहून घेतला.

आता बांधाचं. माझा चुलतभाऊ, वयाने मोठा, मी त्याला दादा म्हणतो आणि गेली काही वर्षं काहीच म्हणत नव्हतो. त्याचं म्हणणं मी बांध कोरतो. माझं म्हणणं तो कोरतो. दरवर्षी नांगरटीला आमच्या दोघांत असे शब्द निघायचे की खुरपायला आलेल्या बाया मधल्या सुट्टीत भाकरी घेऊन आमच्याच बाजूला बसायच्या. यंदा मॅडमनी मला तयार केलं होतं. समोरच्यावर आरोप करायचा नाही. त्याच्या वागण्याने आपल्याला काय वाटतं ते सांगायचं. बोलण्याआधी श्वास.

ट्रॅक्टर बांधाशी आला. मी पुढे झालो. दादा पलीकडून आला. बाया थांबल्या.

“दादा,” मी म्हणालो, “बांधाची माती दरवर्षी कमी होते, तेव्हा मला... अस्वस्थ वाटतं.”

दादा उत्तर द्यायला तोंड उघडणार, तो थांबला. नाकाने श्वास घेतला, चार आकडे मोजावेत इतका धरला, तोंडाने सोडला. हे मी ओळखलं.

“तुला अस्वस्थ वाटतंय, ते मला समजतंय,” तो म्हणाला. “पण तू गावभर मला बांधकोऱ्या म्हणतोस, तेव्हा मलाबी वाईट वाटतं.”

“वाईट म्हणजे नक्की काय वाटतं?”

“एकटं पडल्यागत.”

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. बायांमधली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आरं काय झालं ह्यांना? भांडा की नीट!”

आम्ही दोघंही पुढचं वाक्य शोधत उभे राहिलो. शिव्यांना जागाच राहिली नव्हती. त्यांच्याशिवाय बांधावर काय बोलतात हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. शेवटी मी हळूच विचारलं, “दादा, तू सध्या कुणाशी बोलतोयस का?”

“कुणाशी म्हंजे?”

“नाशिकला?”

त्याने मान वळवून विहिरीकडे पाहिलं. “ते गुप्त आसतंय,” तो म्हणाला, आणि ट्रॅक्टरवाल्यावर खेकसला की डिझेल काय तुझ्या बापाचं जळतंय का, चालू कर. तेवढ्याने सगळ्यांना जरा बरं वाटलं.

सरकारी मोजणीचे पैसे आता आम्ही निम्मेनिम्मे भरलेत. तारीख आलेली नाही. पुढच्या कॉलला मी मॅडमना सगळा प्रसंग सांगितला, आणि म्हटलं, हद्द ठरायची तर ती चिंचेपासूनच ठरेल. मॅडम म्हणाल्या, “हो, ती चिंच महत्त्वाची आहे.” आमच्या वावरात दोन चिंचा आहेत, एक वरच्या अंगाला आणि एक ओढ्याकडेला. कुठली, ते त्यांनी विचारलं नाही.